होस्टिंग बदलताना जुन्या मेलचं काय होतं?

होस्टिंगचे दर वाढतात, सेवा ढासळते किंवा साइट सांभाळणारा माणूस काम सोडतो. मग छोटा उद्योग, दवाखाना, सीएचं ऑफिस किंवा एखादी शिक्षणसंस्था दुसऱ्या होस्टिंग कंपनीकडे जाते. वेबसाइट नव्या जागी लगेच दिसू लागते. जुन्या मेलची आठवण मात्र एखादी जुनी ऑर्डर शोधताना होते. कोटेशनं, मान्य झालेल्या अटी, बिलं, पावत्या असा बराचसा व्यवहार आज फक्त मेलमध्येच असतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. त्यामुळे मेल हरवणं ही केवळ गैरसोय राहत नाही. हे काम नीट क्रमाने केलं तर एकही मेल हरवण्याचं कारण नाही. घात होतो तो पुढच्या समजुतींमुळे.

गैरसमज १ : डोमेन नव्या कंपनीकडे वळवलं की मेल मागोमाग येतात.

वस्तुस्थिती : डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, ‘एमएक्स’ नावाची नोंद असते. यापुढे येणारा मेल कोणत्या सर्व्हरवर पोचवायचा, एवढंच ती सांगते. आधी आलेले मेल जुन्या सर्व्हरच्या डिस्कवर फाइलींच्या रूपात पडून असतात आणि त्यांना या नोंदीशी काही देणंघेणं नसतं. पोस्टात नवा पत्ता नोंदवला म्हणून जुन्या घरातलं कागदपत्रांचं कपाट आपोआप येत नाही, तसंच हे आहे. पत्ता बदलणं आणि साठा हलवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

गैरसमज २ : आउटलुकमध्ये सगळे मेल दिसतात, म्हणजे ते माझ्याकडे आहेत.

वस्तुस्थिती : तुमचं मेल खातं आयमॅप पद्धतीवर आहे की पॉप पद्धतीवर, यावर हे अवलंबून आहे. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडलेल्या आयमॅप पद्धतीत मूळ मेल सर्व्हरवरच राहतो आणि कॉम्प्युटरवर त्याची प्रत दिसते. त्याच खात्यात फक्त सर्व्हरचं नाव बदललं, तर प्रोग्रॅम रिकाम्या नव्या सर्व्हरशी जुळवून घेतो आणि जुने मेल दिसेनासे होतात. म्हणून नवा सर्व्हर वेगळं खातं म्हणूनच जोडावा.

पॉपमध्ये नेमकं उलट घडू शकतं. मेल कॉम्प्युटरवर उतरवून सर्व्हरवरून पुसले गेलेले असू शकतात. शिवाय पॉपला फक्त इनबॉक्स कळतो. पाठवलेले मेल आणि स्वतः केलेले फोल्डर त्या एकाच कॉम्प्युटरवर राहतात. सर्व्हरवरून सर्व्हरवर कॉपी करताना हा साठा सापडणारच नाही. त्याच प्रोग्रॅममध्ये नवं आयमॅप खातं जोडून ते फोल्डर त्यात कॉपी करावे लागतात. म्हणून काम सुरू करण्याआधी प्रत्येकाला विचारा : कोणत्या यंत्रावर, कोणत्या पद्धतीनं मेल बघता?

गैरसमज ३ : सगळे मेल नव्या पत्त्यावर फॉरवर्ड केले की झालं.

वस्तुस्थिती : फॉरवर्ड केलेला मेल हा नवा मेल असतो. पाठवणारा म्हणून तुमचं नाव लागतं, तारीख आजची पडते आणि मूळ हेडर जातात. पुढेमागे वाद झाला तर पुरावा म्हणून त्याचं वजन घटतं. आयमॅपमधून कॉपी केल्यास मूळ मेल तसाच्या तसा जातो, वाचला-न वाचल्याची खूण आणि फोल्डरही टिकतात. जिल लामिराल यांचं ‘आयमॅपसिंक’ हे साधन या कामासाठी प्रसिद्ध आहे. ते दोन्ही सर्व्हरवर लॉगिन करून तुलना करतं आणि तिकडे नसलेलेच मेल नेतं, त्यामुळे पुन्हा चालवलं तरी सहसा दुबार मेल होत नाहीत. दोन्हीकडे सीपॅनेल हे होस्टिंगचं नियंत्रण पॅनेल असेल, तर नवी कंपनी अख्खं खातंच हलवू शकते.

गैरसमज ४ : बदलाच्या काळात मधले काही मेल हरवतातच.

वस्तुस्थिती : मेलची व्यवस्था अशा अडचणी गृहीत धरूनच रचलेली आहे. सर्व्हर तात्पुरता बंद असेल, तर पाठवणाऱ्या सर्व्हरने किमान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं, असं मेलच्या प्रमाणकात म्हटलं आहे. खरा धोका वेगळा आहे. नव्या सर्व्हरवर तो पत्ता तयारच नसेल, तर मेल कायमचा नाकारला जातो. म्हणून ‘इन्फो’, ‘अकाउंट्स’ यांसारखे सगळे पत्ते आधी तयार करा.

मग साठ्याची पहिली कॉपी करा. एमएक्स बदलण्याच्या एक-दोन दिवस आधी त्या नोंदीचा टीटीएल (इतरांनी ती साठवून ठेवायची मुदत) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे जुनी नोंद इतरांच्या सर्व्हरवर फार वेळ रेंगाळणार नाही. एमएक्स बदलल्यावर काही काळ दोन्हीकडे मेल येत राहतील. ते थांबले की दुसऱ्यांदा कॉपी करा. मधल्या काळात जुन्या सर्व्हरवर उतरलेले मेल या फेरीत येतात.

गैरसमज ५ : नव्या सर्व्हरवर मेल येऊ लागले, आता जुनं खातं बंद करू.

वस्तुस्थिती : घाई करू नका. जुन्या सर्व्हरला अजूनही वाटत असतं की हे डोमेन आपल्याकडेच आहे. त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या ग्राहकाने तुम्हाला मेल पाठवला, तर तो एमएक्स न बघता तुमच्या जुन्या मेलबॉक्समध्ये टाकला जाऊ शकतो. सीपॅनेलमध्ये ‘ईमेल रूटिंग’ला ‘रिमोट’ केलं की हे थांबतं. जुनं खातं निदान महिनाभर चालू ठेवा आणि बंद करण्यापूर्वी पूर्ण बॅकअप उतरवून घ्या.

गैरसमज ६ : मेल आले म्हणजे सगळं आलं.

वस्तुस्थिती : आयमॅप फक्त मेल नेतं. संपर्कयादी, कॅलेंडर, फिल्टर, फॉरवर्डिंगचे नियम आणि सुट्टीची आपोआप जाणारी उत्तरं वेगळी न्यावी लागतात. पाठवलेल्या मेलच्या फोल्डरचं नाव दोन्हीकडे वेगळं असेल, तर असे दोन फोल्डर तयार होतात आणि अर्धा पत्रव्यवहार गायब झाल्यासारखा वाटतो. फोल्डरना देवनागरी नावं दिली असतील, तर तीही तपासा. जुन्या आयमॅपमध्ये ती सांकेतिक रूपात साठवली जातात आणि फाइली हातानं हलवल्यास अगम्य अक्षरं दिसू शकतात. पडताळणी करताना एकूण जागा बघू नका, प्रत्येक फोल्डरमधल्या मेलची संख्या दोन्हीकडे जुळते का ते बघा.

गैरसमज ७ : मेल येतात, म्हणजे जातातही नीट.

वस्तुस्थिती : तुमच्या डोमेनच्या नावानं कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो, हे ‘एसपीएफ’ नोंद सांगते. तिथे जुनाच सर्व्हर राहिला, तर तुमचं कोटेशन समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊ शकतं. जुन्या नोंदीशेजारी दुसरी जोडू नका, आहे तीच दुरुस्त करा. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी झाल्या तर तपासणीच फसते. ‘डीकेआयएम’ या मेलवरच्या डिजिटल सहीची नवी किल्लीही डीएनएसमध्ये घाला. जीमेलने फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम आवश्यक केलं आहे.

यातला प्रत्येक बदल डोमेनच्या डीएनएसवर ताबा असेल तरच करता येतो. अनेक छोट्या संस्थांचं डोमेन साइट बनवणाऱ्याच्या नावावर नोंदलेलं असतं आणि पासवर्डही त्याच्याकडेच असतो. स्थलांतर ठरवण्याआधी ते स्वतःच्या नावावर करून घ्या. डोमेन नोंदणीच्या खात्याला जोडलेला मेल पत्ता मात्र त्याच डोमेनवरचा ठेवू नका. मेल बंद पडले, तर पासवर्ड बदलण्याची लिंकही त्याच बंद पत्त्यावर जाईल.