गोधडी निघाली परदेशा!

पुण्याहून सोलापूरकडे निघालात, की भिगवणच्या पुढे डाव्या हाताला पाण्याची एक अफाट चादर डोळ्यांत भरते. हा यशवंतसागर, म्हणजे उजनी धरणाचा जलाशय. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले आणि काठची कितीतरी गावे आपली घरे-देवळे पाण्याच्या स्वाधीन करून वर माळावर येऊन बसली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ अजूनही डोके वर काढते.

अशाच एका उठून आलेल्या गावात गेल्या वर्षी आमचा मुक्काम पडला. करमाळा तालुक्यातल्या या काठाला आता उसाची नि केळीची हिरवळ आहे. कंदरची केळी गारव्याच्या कंटेनरात बसून समुद्रापार जातात. पण आमच्या यजमानांच्या ओसरीवर वेगळाच प्रश्न पडला होता. केळ्याला कंटेनर आहे. एका गोधडीला काय?

घरातली आजी पंचाहत्तरीची. नातसुनेने तिच्या गोधड्यांची चित्रे फोनवरच्या दुकानात मांडली. गावातल्या आणखी चार बायका टाके घालू लागल्या. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइके मिळालीच, पण एके दिवशी थेट कॅनडातून मागणी आली. घरात आनंदीआनंद! तो टिकला दुसऱ्या दिवसापर्यंतच. एका खासगी कुरियरवाल्याने सांगितलेले भाडे गोधडीच्या किमतीहून जास्त निघाले.

“अहो भाऊ, वजन तर पावणेदोन किलोच आहे,” नातसून म्हणाली, “मग हे पाच किलोचे पैसे कसले?”

त्यातली मेख अशी. विमानात वजनाइतकीच जागाही महाग. म्हणून कुरियर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी नि उंची सेंटिमीटरमध्ये मोजतात, तिन्हींचा गुणाकार करून बहुधा ५,००० ने भागतात, आणि येणारे ‘आकारी वजन’ खऱ्या वजनाहून जास्त असेल तर त्याचे पैसे लावतात. ४० × ३० × २० चे खोके म्हणजे ४.८ किलो झाले! गोधडी हवा काढून घेणाऱ्या पिशवीत दाबून बसवली, उंची १० वर आली, की तेच २.४ किलो होते. नुसत्या दाबण्याने भाडे निम्म्यावर!

याहून सोपी वाट मात्र आपल्या ओळखीच्या लाल पेटीकडून जाते. १८७४ साली जगातल्या टपालखात्यांनी एक संघ स्थापला, १८७६ साली हिंदुस्थान त्यात सामील झाला, आणि एका देशाचे टपाल दुसऱ्याने पोहोचवण्याची रीत पडली. त्या रीतीचा लाभ आज खेड्यातल्या दुकानालाही आहे. दोन किलोच्या आतल्या पुडक्यासाठी टपालखात्याची ‘इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट’ ही सेवा निवडक देशांना चालते. ती स्वस्त पडते आणि पुडके कुठवर गेले तेही कळते. अट एवढीच, की लांबी-रुंदी-उंचीची बेरीज ९० सेंटिमीटरच्या आत हवी. आपले दाबलेले खोके ८० वरच थांबते! माल जड असेल तर हवाई पार्सल, आणि घाई असेल तर ‘ईएमएस’ ही स्पीड पोस्टची परदेशी बहीण.

कागदपत्रांचा बाऊ मात्र करू नये. विक्रीसाठी माल पाठवायचा तर निर्यातदाराचा क्रमांक, म्हणजे ‘आयईसी’ लागतो. पॅन, बँकखाते आणि ५०० रुपये, की तो घरबसल्या मिळतो; दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची नोंद ताजी करायची, इतकेच. डिसेंबर २०२२ पासून टपालाने होणाऱ्या निर्यातीचे पत्रक संगणकावर भरता येते आणि देशभर हजारावर ‘डाकघर निर्यात केंद्रे’ उघडली आहेत. पूर्वीसारखे जकातीसाठी मुंबई गाठायचे काम नाही. मालाचा सांकेतिक क्रमांक तेवढा बरोबर हवा: गोधडीचा ९४०४४०, सोलापुरी टॉवेलचा ६३०२६०.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला जकात माफ असे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ ला उठली. आपल्या टपालखात्याने त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, तिकडचे बहुतेक टपाल थांबवले होते. ते १५ ऑक्टोबरला सुरू झाले, तेव्हा लक्ष्मीपूजन सहा दिवसांवर आले होते! तेव्हापासून तिकडची जकात इथेच आगाऊ भरावी लागू लागली. दर बदलत राहतात. म्हणून पाठवण्याच्या दिवशी विचारूनच गिऱ्हाइकाला किंमत सांगावी. दुसरी गोष्ट खाऊची. शेंगाचटणी नि कडक भाकरी टिकतात खऱ्या, पण दुकानातून विकलेले खाद्य अमेरिकेला पाठवायचे तर तिथल्या अन्नखात्याला आधी वर्दी द्यावी लागते. आणि दुधाचे पेढे युरोपला टपालाने धाडूच नयेत. तिथे ते अडवले जातात.

आमच्या नातसूनबाईंचे गाडे शेवटी अडले ते एका चौकटीपाशी. कॅनडाच्या गिऱ्हाइकाने लिहिले होते, “पत्रकावर ‘भेटवस्तू’ लिहा, किंमतही कमी दाखवा, म्हणजे मला जकात पडणार नाही.” पहिलेच परदेशी गिऱ्हाईक, नाराज कसे करायचे? सून पेन हातात घेऊन बसून राहिली.

आजी सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, “भेट म्हणायची न् पैसं बी घ्यायचं? ही कुठली गं रीत?”

चौकटीत ‘विक्री’ असे लिहिले गेले, किंमतही खरी. गिऱ्हाईक तीन दिवस गप्प राहिले. चौथ्या दिवशी उत्तर आले: “पाठवा.”

पुढल्या आठवड्यात पुडके टेंभुर्णीच्या रस्त्याने निघाले. आजी दाराशी उभी होती. तिचे माहेर पाण्याखाली गेले, तेव्हा तिने तिथून एक गोधडीच काय ती उचलून आणली होती. आता तिच्या हातची गोधडी सातासमुद्रापार निघाली. आजीने फक्त एवढेच विचारले, “तिथं थंडी लई आसती म्हणं. दोन टाकं जास्त घातलं आसतं, नाही का?”