वाट कोणाची? उपकेंद्राचा रस्ता आणि शेजाऱ्याचा बांध

मागच्या वेळी आपण 'मालकी' या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज तिची सर्वांत नाजूक बाजू बघू, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाणारी आपली वाट.

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसरकडे जाताना वाटेत काटेवाडीला विसावते. धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते. त्या दिवशी रस्ता कुणाचा, असे कुणी विचारत नाही. महामार्ग रुंद करताना मात्र विचारावे लागते, आणि त्यासाठी भूसंपादन, मोजणी, मोबदला अशी ठरलेली पद्धत आहे. खरी भांडणे होतात ती डांबरी सोडून शिवारात वळल्यावर, शेवटच्या दोनशे मीटरवर.

एक उदाहरण कल्पून बघू. शिवारात विजेचे ३३/११ केव्हीचे उपकेंद्र आहे. उभारणीच्या वेळी शेजारचे शेत मोकळे होते. ऊस तुटून गेला होता, म्हणून शेतकऱ्याने ट्रेलर शेतातून जाऊ दिला. पुढे बांधावरून जीप जात राहिली, वायरमनची मोटारसायकल जात राहिली. सगळे तोंडी. आता शेतीपंपांचा भार वाढला. पाच एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर काढून दहाचा बसवायचा आहे. ट्रेलर येणार, क्रेन येणार, आणि यापुढे कायमचा चार मीटर रुंद रस्ता हवा आहे.

आता हिशेब करा. दोनशे मीटर लांब, चार मीटर रुंद म्हणजे आठशे चौरस मीटर, सुमारे आठ गुंठे. ज्याची एकूण जमीन एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे, त्याचा पाचवा हिस्सा गेला. तो 'नाही' म्हणतो. गाव म्हणते, "एका माणसापायी सगळ्यांच्या मोटारी बंद ठेवायच्या का?" दोन्ही बाजूंना वाटते, न्याय आपल्याकडे आहे.

आपली पहिली चूक इथे होते. आपण 'रस्ता' हा एकच शब्द सगळ्याला वापरतो. रोमन कायद्यात तीन वेगळे हक्क होते. 'इटर' म्हणजे माणसाने चालत जाण्याचा, 'आक्टस' म्हणजे जनावरे हाकण्याचा, 'विया' म्हणजे गाडीरस्त्याचा. वियाची रुंदीही सांगितलेली होती, सरळ भागात आठ फूट आणि वळणावर सोळा. आपल्याकडेही हा भेद आहेच. गावनकाशात पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात, तिची रुंदी सव्वाआठ फूट. गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी, साडेसोळा ते एकवीस फूट. म्हणजे पायवाट दिली म्हणून गाडीमार्ग दिला, असे होत नाही.

दुसरा भेद आहे परवानगी आणि हक्क यांच्यातला. शेजाऱ्याच्या भिडेखातर एकदा ट्रेलर जाऊ दिला, ती परवानगी. वर्षानुवर्षे उघडपणे, अखंड, हक्काने वापरलेली वाट ही वेगळी गोष्ट. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने, ज्याला आपण वहिवाटीचा कायदा म्हणतो, त्यासाठी वीस वर्षांची मुदत घातली आहे. आणि याच कायद्याचे कलम २९ आपल्या उदाहरणाला नेमके लागू पडते. ज्या जागेसाठी वाट आहे, त्या जागेत बदल केला किंवा भर घातली, एवढ्यावरून दुसऱ्याच्या जमिनीवरचा बोजा भरीव प्रमाणात वाढवता येत नाही. उपकेंद्र सुधारले म्हणून वाट आपोआप रुंद होत नाही, बघा. कलम २२ सांगते की हक्क वापरायचा तोही समोरच्याला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने.

पण हां, यावरून शेतकऱ्याने जुनी वाट नांगरून टाकावी, असा अर्थ निघत नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली, अस्तित्वात असलेल्या वाटेतला अडथळा तहसीलदार दूर करायला लावू शकतात. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. नवी वाट बांधावरून मागायची तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. मात्र तिथे तहसीलदारांनी बघायची ती शेतकऱ्याची शेतात जाण्याची गरज. ट्रान्सफॉर्मरच्या ट्रेलरसाठी ते कलम बेतलेले नाही.

विजेचा कायदा तरी मदतीला येतो का? २००३ च्या कायद्याच्या कलम १६४ मुळे शासन वीज कंपनीला तारा आणि खांब नेण्यासाठी तार खात्यासारखे अधिकार देऊ शकते. नुकसानभरपाई द्यावीच लागते. पण डोक्यावरून तार नेणे वेगळे आणि जमिनीवर कायमचा रस्ता करणे वेगळे. त्यासाठी संमती, खरेदी नाहीतर रीतसर संपादन, हेच मार्ग उरतात.

आता तत्त्वाकडे येऊ. गावाची गरज खरी आहे, ती नाकारायची नाही. पण गरज मोठी असली की ती दुसऱ्याच्या हक्काला आपोआप गिळते, असे मानले तर सर्वांत लहान शेतकऱ्याचा बळी प्रत्येक वेळी जाईल. सार्वजनिक हिताची किंमत सार्वजनिक खिशातूनच द्यायला हवी. ती एकट्याच्या आठ गुंठ्यांवर टाकायची नाही. आणि त्या एकट्यानेही 'आज माझी वेळ आहे' म्हणून गाव वेठीस धरायचे नाही.

मग करायचे काय? आधी मोजणी. मग विचारायचे की कायमचा चार मीटर रस्ता खरेच हवा, की उसाची तोड झाल्यावर आठ दिवस तात्पुरती वाट पुरेल? कोणते वाहन, किती वेळा, खालची पाइपलाइन फुटली तर दुरुस्ती कोणाची, हे सगळे कागदावर घ्यायचे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना असतो, तिथे नोंद करायची. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्त्यांची नोंद तिथे घ्यायला सांगितले आहे, ते याचसाठी.

तोंडी शब्द पाळणारी माणसे होती, आजही आहेत. पण शब्द देणारा जातो, जमीन मुलांत वाटली जाते, आणि वाट तिथेच राहते. तिची मर्यादा लिहिलेली असली, तर पुढच्या पिढीला शेजार तरी टिकवता येईल. इथे थांबू.