घमेल्यातली दोस्ती

फोनमध्ये हजार नंबर. पण मध्यरात्री गाडी बंद पडली तर हाक कुणाला माराल? माणसाला खरी नाती साधारण १५०च जपता येतात, असं ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९०च्या दशकात मांडलं. आकड्यावर वाद आहेत, असोत. पण नाती घट्ट कशी होतात, याबद्दल मला भावतो तो ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवरचा प्रयोग. एकट्याने तेवढाच व्यायाम करण्यापेक्षा, सगळ्यांनी मिळून वल्ही मारल्यावर त्यांची वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढली! एका लयीत राबताना मेंदूत एंडॉर्फिन जास्त स्रवत असावं, आणि त्यानेच जवळीक वाढत असावी, असा संशोधकांचा कयास.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात, पोपटराव पवार सरपंच असताना, गावानेही असंच मिळून राबत, श्रमदान करून पाणी जिरवलं. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. शेजाऱ्याच्या हाती घमेलं देताना काय मुरलं, त्याची नोंद मात्र त्यात नसते.