राज्यपालांचा मान आणि मर्यादा

राज्याचा सारा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. मंत्र्यांना शपथ तेच देतात, आणि विधानसभेने संमत केलेल्या विधेयकास त्यांची संमती मिळाल्यावाचून कायद्याचे रूप येत नाही. मग राज्यपाल मोठे की मुख्यमंत्री मोठे, असा प्रश्न आमच्या धर्मग्रामातील मंडळी अनेकदा विचारतात.

राज्यपाल लोकांनीच निवडून द्यावा, असा विचार घटना समितीत आरंभी झाला होता. परंतु लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांच्याच पाठिंब्यावर उभा असलेला मुख्यमंत्री म्हणजे एका म्यानात दोन तलवारी! म्हणून १९४९ साली तो बेत सोडण्यात आला आणि नेमणूक राष्ट्रपतींच्या हाती गेली. मुदत पाच वर्षांची खरी, परंतु राष्ट्रपतींची मर्जी असेतोपर्यंतच. आणि ही मर्जी व्यवहारात केंद्रीय मंत्रिमंडळाची असते. राज्यपालांनी, काही मोजके अपवाद वगळता, राज्याच्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली स्पष्ट केले. नेमणारा दिल्लीत आणि सल्ला देणारा राजधानीत, अशी ही दोरीवरची कसरत आहे.

केरळचे उदाहरण आपल्या समाजाने विसरू नये. तेथे १९५७ साली नंबूद्रिपाद यांचे साम्यवादी मंत्रिमंडळ अधिकारावर आले. शिक्षणविषयक कायद्यावरून ख्रिस्ती आणि नायर समाज रस्त्यावर उतरला. ३१ जुलै १९५९ रोजी राज्यपालांच्या अहवालावरून ते मंत्रिमंडळ बडतर्फ झाले. आपल्या अनेक धर्मबंधूंस त्या वेळी आनंद झाला. शाळांविषयीची त्यांची तळमळ आम्ही जाणतो. तरीही विधानसभेत बहुमत असलेले सरकार अशा रीतीने जावे, हे आम्हांला योग्य वाटत नाही. आज नावडत्यासाठी उघडलेल्या दारातून उद्या आवडताही बाहेर काढला जातो.

तसेच घडत गेले. आमच्या बेळगावकडील वाचकांना १९८९ सालचा प्रसंग आठवत असेल. कर्नाटकात बोम्मई मुख्यमंत्री होते. आमचा पाठिंबा नाही, अशी एकोणीस आमदारांची पत्रे राज्यपालांपुढे आली. लागलीच त्यांतील सात जणांनी, आमच्या सह्या दिशाभूल करून घेतल्या, असे कळविले. विधानसभेत बहुमत सिद्ध करावयास बोम्मई तयार होते. राज्यपालांनी ती संधी दिली नाही, आणि २१ एप्रिल रोजी राष्ट्रपती राजवट लागू झाली. बोम्मई न्यायालयात गेले. ११ मार्च १९९४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला की, बहुमताची परीक्षा राजभवनाच्या दिवाणखान्यात नव्हे, तर सभागृहात व्हावयास हवी. तोवर राज्यात नव्या निवडणुका कधीच होऊन गेल्या होत्या! बोम्मईंना पद मिळाले नाही, परंतु त्यानंतर मनास येईल तेव्हा सरकार बडतर्फ करणे पुष्कळच कठीण झाले.

यानंतर वादाची जागा बदलली. गोव्यात २०१७ साली चाळीसपैकी सतरा जागा काँग्रेसला आणि तेरा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या; पाचारण मात्र इतरांचा पाठिंबा जमविलेल्या पर्रीकरांना झाले. सर्वोच्च न्यायालयाने ठरावाची तारीख १६ मार्च ठरवून दिली आणि पर्रीकरांनी सोळाविरुद्ध बावीस मतांनी बहुमत दाखविले. प्रथम कोणास बोलवावे, याविषयी घटनेत एक अक्षरही नाही. आमच्या मते हे मौन आता महागात पडू लागले आहे.

आणखी एक गाठ विधेयकांची. संमती द्यावी, रोखावी, परत पाठवावी की राष्ट्रपतींसाठी राखून ठेवावी, हे राज्यपालांनी ठरवायचे. परंतु कागद नुसताच पडून राहिला तर? तामिळनाडूच्या प्रकरणात ८ एप्रिल २०२५ रोजी दोन न्यायाधीशांनी याकरिता कालमर्यादा आखून दिल्या. २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने मत दिले की, अशी मुदत न्यायालयास घालता येत नाही आणि मुदत टळली म्हणून संमती मिळाली असे मानताही येत नाही. मात्र कारण न देता दीर्घकाळ स्वस्थ बसणाऱ्या राज्यपालांस, निर्णय घ्या, एवढे न्यायालय सांगू शकते. कोणता निर्णय घ्यावा, हे सांगू शकत नाही.