ग्लिया पेशी कशा घडतात

मेंदू म्हटला की आपल्याला आठवतात त्या संदेश वाहणाऱ्या चेतापेशी. त्यांना साथ देणाऱ्या ग्लिया पेशींची दखल फारशी कुणी घेत नाही, हा त्यांच्यावर मोठाच अन्याय आहे. गर्भाच्या मेंदूत रेडियल ग्लिया नावाच्या लांब तंतूंच्या पेशी आधी चेतापेशींना जन्म देतात. नव्या चेतापेशी मग त्यांच्याच तंतूंना धरून, वेल मांडवावर चढावा तशा, बाहेरच्या थराकडे सरकतात. हे काम आटोपत आले की रेडियल ग्लियांचा रोख बदलतो आणि त्यांच्यापासून ॲस्ट्रोसाइट या ग्लिया पेशी तयार होऊ लागतात. मायक्रोग्लिया या दुसऱ्या ग्लिया पेशींचे कूळ मात्र वेगळे. त्यांच्या पूर्वज पेशी पीतककोशात, म्हणजे गर्भाला जोडलेल्या पिशवीत, जन्मतात आणि तिथून मेंदूत येतात.

सर्वांत लांबते ते ऑलिगोडेंड्रोसाइट या ग्लिया पेशींचे काम. या पेशी चेतातंतूंभोवती मायलिनचे वेष्टण गुंडाळतात, त्यामुळे संदेश कितीतरी वेगाने जातात. कपाळामागच्या भागात हे काम विशीनंतरही चालू असते. पण या पेशींची अपक्व अवस्था फार नाजूक. साधारण २४ ते ३२ आठवड्यांच्या गर्भात अशाच अपक्व पेशी जास्त असतात. म्हणून फार लवकर जन्मलेल्या बाळाला प्राणवायू कमी पडला, तर त्या मरतात किंवा पक्व होत नाहीत, आणि पुढे हालचालींवर परिणाम होऊ शकतो. अशा बाळाच्या वाढीची तपासणी पालकांनी एकदाही चुकवू नये.