सड्यावरील चार बोटें माती

ज्यांचें मूळ घर कोंकणांत आहे, अशा कुटुंबांच्या सातबाऱ्यावर बहुधा थोडाफार 'पोटखराबा' लागलेला असतोच. वाटणीच्या वेळीं हा तुकडा कोणी आवडीनें मागत नाहीं. पण गिऱ्हाईक आलें कीं प्रथम विक्रीस निघतो तोहि हाच. मालवणच्या बाजूचे जांभ्याचे सडे पुष्कळ अंशीं याच सदरांत मोडतात. तेव्हां या जमिनीची खरी योग्यता काय, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं व तरुणांनीं एकत्र बसून पाहणें अगत्याचें आहे.

जांभा पावसानेंच घडविला. लक्षावधि वर्षांच्या पावसानें मूळ खडकांतील चुना व सिलिका वाहून नेली. लोह व अ‍ॅल्युमिनियम मागें राहिलें. इ. स. १८०७ मध्यें फ्रान्सिस बुकानन यानें मलबारांतील या दगडाला, विटेच्या लॅटिन नांवावरून, 'लॅटराइट' म्हटलें. यापासून होणारी माती आम्लधर्मी असते. तींतील लोह स्फुरदाला असें जखडून ठेवतें कीं, पिकाला तें सहजासहजीं मिळत नाहीं. सड्यावर ती माती खळग्याखळग्यांतून चार बोटेंच असते. ती किती निःसत्त्व, याची साक्ष 'सीतेचीं आसवें' ही इवलीशी वनस्पति देते: मातींत नत्र नाहीं, म्हणून ती सूक्ष्म जीव धरून खाते!

मग अशा मातीचें भांडवल तें कोणतें? गवत. त्याचीं मुळें मातीला धरून ठेवतात आणि कुजून तिला सेंद्रिय अंश देतात. अन्नद्रव्यें व ओलावा राखण्याचें काम मुख्यतः हाच अंश करतो. वर्षाला सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस जेथें चार महिन्यांत कोसळतो, तेथें गवताचें हें पांघरूण काढलें तर काय उरेल?

पूर्वीं वरकस जमिनींत नाचणी, वरी घेऊन मग कांहीं वर्षें जमीन पडीक ठेवीत. गवत व झुडपें तिची झीज भरून काढीत. १९९० पासून रोजगार हमीशीं जोडलेल्या फळबाग योजनेनें आंबा-काजूच्या बागा वाढल्या, आणि अनेक घरांना त्यांनीं हात दिला, हें निर्विवाद आहे. परंतु सुरुंगानें कातळ फोडून, दुसरीकडची माती आणून खड्डे भरले, म्हणजे एका जागीं बाग उभी राहते व दुसरी जागा उघडी पडते. झाडांखालचें रान जाळून साफ ठेवलें, तर पहिल्या पावसांतच राखेबरोबर मातीहि वाहून जाते. चिरेखाणींत तर माती व कातळ दोन्ही जातात. सच्छिद्र जांभ्यांतून झिरपणारें पाणीच पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळतें, हेंहि विसरतां कामा नये.

म्हणून बाग करावयाची ती उतारावरील खोल मातींत करावी. दोन झाडांमध्यें गवत राखावें, तें कापून बुंध्याशीं आच्छादन घालावें, आणि उताराला आडवे दगडी बांध घालावे. उघडा सडा मात्र तसाच राहूं द्यावा. मालवण तालुक्यांतील कुडोपीचीं कातळचित्रें २०२२ मध्यें युनेस्कोच्या संभाव्य यादींत गेलीं, तीं अशाच 'निरुपयोगी' सड्यावरचीं आहेत!

विकलेल्या जमिनीचे पैसे एका पिढींत सरतात. गेलेली बोटभर माती परत येण्यास शेंकडों वर्षें लागतात. पुढच्या वाटणीच्या बैठकींत पोटखराब्याचा विषय निघेल, तेव्हां एवढा हिशेब अवश्य मांडावा.