मातीत घडणारी अक्षरे: एक मागोवा

अक्षर आधी बोटांनी ओळखावे आणि मग लिहावे, ही कल्पना कागद-पेन्सिलीहून जुनी आहे. पहिल्या शतकातल्या क्विंटिलियन या रोमन शिक्षकाने मुलांना खेळायला हस्तिदंती अक्षरे द्यावीत, फळीत कोरलेल्या खाचांतून त्यांचा हात फिरवून घ्यावा, असे सुचवले होते. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत. पण यात अक्षर एक तर तयार मिळे, नाही तर उमटून पुसले जाई. हातात धरता येईल असे अक्षर मुलानेच घडवायचे, ही रीत बरीच उशिरा आली.

जर्मनीत फ्रेबेलने 1837 मध्ये बालोद्यानाचा पाया घातला आणि मातीकामाला त्यात मानाचे स्थान मिळाले. मात्र तिथे भर होता तो गोळा, फळ, भांडे अशा आकारांवर, अक्षरांवर नव्हे. पुढे 1897 मध्ये इंग्लंडमधल्या बाथ शहरात कलाशिक्षक विल्यम हार्बट यांनी न वाळणारी माती तयार केली. शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांसाठी केलेले हे प्लॅस्टिसिन लवकरच लहान मुलांच्या हाती गेले. पाणी नको, चिखल नको आणि तीच माती पुन्हा वापरता येते, त्यामुळे वर्गात मातीकाम करून घेणे सोपे झाले.

अक्षर आणि स्पर्श यांची सांगड पद्धतशीरपणे घातली ती मारिया माँटेसरी यांनी. रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत 1907 मध्ये त्यांनी बालगृह उघडले. इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे काम त्यांच्यासमोर होते. लाकडी अक्षरांचा संच करून घेणे जमेना, तेव्हा त्यांनी कागदाची आणि खरकागदाची अक्षरे कापली. अडचणीतून निघालेले हे साधनच पुढे जगभर गेले! मूल खरखरीत अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेने बोट फिरवते आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी उच्चारते. दिशेचा हा आग्रह महत्त्वाचा होता. मातीकामात नेमका तोच सुटतो.

भारतात हे वारे भावनगरमार्गे आले. तिथे गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. 1957 पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये रुजले. महागडी माँटेसरी साधने तिथे परवडणारी नव्हती. माती, बिया, शिंपले, पाने हीच साधने झाली. बालशिक्षणाच्या इतिहासात या बदलाची जेवढी दखल घ्यायला हवी होती, तेवढी घेतली गेली नाही.

देवनागरीला माती विशेष मानवते. तळहातांमध्ये माती वळून लांब वळी करायची; आडवी ठेवली की शिरोरेषा, उभी ठेवली की काना. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत मुलांचा हमखास गोंधळ उडतो. ‘ध’ आणि ‘भ’ घडवताना शिरोरेषेची वळी डावीकडे तोडावी लागते, आणि पाहताना निसटणारा हा फरक तोडताना बोटांना जाणवतो. पुढे जोडाक्षरेही याच मातीतून समजतात. ‘म’, ‘न’, ‘त’ यांचा काना काढून घेतला की अर्धे अक्षर उरते. ‘क’ आणि ‘फ’ यांची मात्र शेपटी छाटावी लागते, आणि ‘र’ कुठल्याच नियमाला जुमानत नाही.

वाचन-अक्षमतेसाठी मातीची अक्षरे गाजली ती रोनाल्ड डेव्हिस यांच्या 1994 मधल्या पुस्तकामुळे. पसारा मोठा झाला, भक्कम पुरावा मात्र तोकडाच राहिला. स्पर्शाविषयीचे इतर संशोधन अधिक आश्वासक आहे. पाच वर्षांच्या मुलांनी उठावाची अक्षरे चाचपली तर शब्द वाचणे सुधारते, असे 2004 मधल्या एका फ्रेंच अभ्यासात दिसले. 2012 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात, न वाचणाऱ्या मुलांनी अक्षर स्वतः हाताने काढल्यावर मेंदूतली वाचनाशी निगडित क्षेत्रे जागी झाली. टंकलेखनाने तसे झाले नाही. हे प्रयोग मातीवरचे नव्हते, तेव्हा त्यांचे श्रेय मातीच्या खात्यावर मांडणे घाईचे ठरेल.

मातीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. सुटे अक्षर उलटे पडले की आरशातले दिसते. रेघ कुठून सुरू करायची, कुठे वळवायची, हेही माती सांगत नाही. म्हणून जाणते शिक्षक अक्षर छापील पत्त्यावर घडवून घेतात, मग त्यावरून योग्य दिशेने बोट फिरवायला लावतात आणि नंतरच पाटी देतात. पायाभूत स्तराच्या 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळ आणि हाताळता येणाऱ्या साधनांवर भर आहे. शाडू किंवा चिकणमाती मिळत नाही तिथे मैदा, मीठ आणि थोडे तेल मळून केलेला गोळाही चालतो.